बशीतली कॅप्सूल

सात डिसेंबर, रविवार. आज फडकी करायला बसले होते. जुन्या कपड्यांची फडकी करायचं काम मी दिवाळीनंतर एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा करते आणि ते करताना कधी हळवी होत नाही. धड असेल ते देऊन टाकायचं, विटलं असेल ते कात्रीखाली. या वेळी ढिगात शालन वन्संची पातळं होती, कारण त्यांची ट्रंक रिकामी करायची होती. पातळं संपली आणि तळाशी कागदात गुंडाळलेलं एक कापड निघालं. निळ्या-पांढऱ्या चौकड्याचं, टॉवेलाएवढं, न वापरलेलं. ओट्यावरची चार फडकी सहज झाली असती. मी कात्री लावली, कडेला बोटभर कापलंही... आणि मग हात पुढे जाईना. कापड तसंच मांडीवर घेऊन बसले. फडकी राहिली.

शालन वन्सं म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. हे त्यांना आक्का म्हणत, मी वन्सं. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी त्या गेल्या. मी साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत काम करते. दुपारी काउंटरवर गर्दी होती आणि ह्यांचा फोन आला. हे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, फोनवर लांबण लावत नाहीत. "आक्का गेली. जेवून पडली हुती. चहाला उठवायला गेलो तर..." एवढंच बोलले. मी समोरच्या माणसाची पावती पुरी केली, शिक्का मारला, साहेबांना सांगितलं आणि निघाले. रिक्षात बसल्यावर पहिला विचार काय आला, तर वन्संची सकाळची कॅप्सूल दिली होती का? दिली होती. मग जरा बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आता लाज वाटते, आणि ती का, हेच लिहायचं आहे.

वन्संचं सगळं आयुष्य माधवनगरात गेलं. नवरा गिरणीत होता आणि त्याच गिरणीत कापड तपासायच्या खात्यात या. लांबच लांब टेबल, त्यावरून कापड पुढे सरकत जायचं आणि बायकांनी खोट शोधायची. कुठे सूत तुटलंय, कुठे गाठ आलीय, कुठे विणीत पट्टा पडलाय. गिरणी बंद पडली तेव्हा त्या पॉवरलूमवाल्यांकडे हेच काम करायला लागल्या. मूलबाळ नव्हतं. त्यांचे मिस्टर गेल्यावरही त्या तिथल्या दोन खोल्या सोडायला तयार नव्हत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या शालूचा पदर त्यांनी सगळ्यांसमोर उजेडात धरला होता आणि म्हणाल्या होत्या, "दुकानदारानं फशिवलं गं तुज्या बापाला. हितं दोन सुतं गाळल्यात." मी तेव्हा ओशाळले होते. नंतर एकटी असताना उजेडात धरून बघितलं तर खरंच गाळली होती.

त्या खात्याचा एक रिवाज त्या नेहमी सांगायच्या. टेबलाचं एक टोक खिडकीकडे होतं. तिथं उजेड भरपूर, डोळ्याला ताण कमी. नवीन पोरगी कामाला लागली की जुन्या बाईनं उठून आपली खिडकीकडची जागा तिला द्यायची आणि स्वतः अंधाराकडं सरकायचं. मी म्हटलं, असं कसं, उलट म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड जास्त लागतो. तर म्हणाल्या, "आगं, म्हातारीचं डोळं आता किती दीस राबायचं? पोरीचं अजून लय राबायचंत. उजेड तिला नगं व्हय?" त्यांनाही अशीच जागा कुणीतरी दिली होती आणि त्यांनीही ती पुढे दिली. यात आपण काही मोठं केलं असं त्यांच्या बोलण्यात कधी नसायचं. टेबलाची रीतच तशी होती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीला केलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना आतला पडदा झिजलेला दिसला. पडदा म्हणजे डोळ्याच्या मागची बाजू, जिथं चित्र उमटतं ती. पुढच्या तपासणीला मी वन्संबरोबर गेले होते, पण आमचं ऑडिट चालू होतं आणि साहेबांचा फोन आला म्हणून मी बाहेर व्हरांड्यात बोलत राहिले. वन्सं एकट्याच आत गेल्या आणि एकट्याच बाहेर आल्या. हातात चिठ्ठी आणि चौकटी-चौकटी छापलेला एक कागद. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"उजवा गेल्यातच जमा हाय म्हणं. डावा हाय तेवढा टिकवायचा. व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात. आन् ह्यो कागद भित्तीला लावायचा. रोज एक डोळा झाकून बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या की तडक यायचं."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, सकाळी एक, रात्री एक. त्याच आठवड्यात ह्यांनी त्यांना साताऱ्याला आणलं. कागद मी स्वयंपाकघरात लावला. नवं वर्ष लागलं तेव्हा शेजारच्याच खिळ्यावर मी नवीन कॅलेंडर अडकवलं, ते जरा मोठं होतं, कागद त्याच्या मागे गेला. वन्संनी तक्रार केली नाही आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पण मुख्य गोष्ट ती नव्हे. मुख्य गोष्ट सकाळच्या चहाची. दिवसभर कॉम्प्युटरवर आकडे बघून माझे डोळे चुरचुरायचे, संध्याकाळी लाल व्हायचे. वन्सं आल्यावर पंधरा-वीस दिवस झाले असतील, एका सकाळी चहाच्या बशीत कपाच्या कडेला ती लांबुळकी कॅप्सूल. मी म्हटलं, वन्सं, ही तुमची.

"मला एक रग्गड हाय. तू घे."

"डॉक्टरांनी दोन सांगितल्यात."

"डाक्टर सांगत्यातच दोन. आगं व्हिटॅमिनच हाय ते, इख न्हाई. गीळ मुकाट्यानं. नायतर हापिसात आंधळी कोशिंबीर खेळशील."

मी गिळली. दुसऱ्या दिवशीही गिळली. मग त्या बशीत कॅप्सूल असणं हे साखर असण्यासारखं झालं. वाचकहो, मला फसवून कुणी दिली नाही. बाटली मीच आणायची, चिठ्ठी मीच वाचलेली. आपल्या शाळेत पोरांना रांगेत उभं करून जीवनसत्त्वाचे थेंब पाजायचे, तेव्हापासून डोक्यात बसलेलं की व्हिटॅमिन म्हणजे दूध-तुपासारखं, ज्याच्या पोटात जाईल त्याचं भलं. पण माझ्या मनात आणखी एक हिशेब होता आणि तो मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तो असा की वन्संना आता काय करायचंय? टीव्ही ऐकायचा, शेंगा सोलायच्या. माझी नोकरीची वर्षं अजून बाकी आहेत. एका बाटलीतून कुणाचे डोळे वाचवायचे असतील तर माझे वाचवणं शहाणपणाचं. मी व्यवहारी बाई आहे असं सगळे म्हणतात. तो व्यवहार असा होता.

वर मला गुण आल्यासारखंही वाटायला लागलं. ऑफिसमध्ये मी बाकीच्या बायकांना सांगितलं, मी डोळ्यांसाठी कॅप्सूल घेते, खूप फरक आहे. दोघीतिघींनी लगेच बाटलीचं नाव लिहून घेतलं. इकडे हे रोज रात्री बहिणीला विचारायचे, "आक्का, गोळी म्हंजे ड्युटी हाय, चुकवायची न्हाई. घेतलीस?" आणि वन्सं माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "घेतली रं सुभेदारा."

असं वर्षभर चाललं असेल. मग पुतणीच्या लग्नात द्यायला टॉवेल घ्यायचे म्हणून वन्संना घेऊन मी राजवाड्याजवळ एका दुकानात गेले. कापडाचं काम असलं की त्यांना न्यायचंच, असा घरातला नियम होता. पोरानं चौकड्याचे टॉवेल उलगडले. वन्संनी कापडावरून तळहात फिरवला, एक टोक उजेडाकडं धरलं आणि म्हणाल्या, "खराब हाय. उभं सूत सैल पडलंय. मधी लाट आलीया." त्यानं दुसरा काढला. "ह्यात बी हाय." तिसरा. "समदा मालच खराब हाय तुजा."

गल्ल्यावरचा मालक हसला. "आजी, असं कसं होईल? सगळं गाव नेतंय."

"मला शिकवू नगं गड्या. कापड तपासण्यात हयात गेली माझी. ह्यो माल आमच्या टेबलावरनं पुढं गेलाच नसता."

दोन बायका वळून बघायला लागल्या. मालक मला म्हणाला, "ताई, तुम्ही बघा की, कुठंय लाट?" मी बघितलं. टॉवेल सरळ होते. रेघ न् रेघ सरळ. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी वन्संचा दंड धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच पायऱ्या उतरवल्या. रिक्षात म्हटलं, "प्रत्येक ठिकाणी खोट काढलीच पाहिजे का वन्सं? लोक हसतात." त्या हात मांडीवर ठेवून समोर बघत बसल्या. समोर म्हणजे जरा तिरक्याच, अलीकडे त्या तशाच बघायच्या.

घरी आल्यावर मी भाकरी टाकत होते. वन्संनी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं मी डोकावले, तर त्या जमिनीवर बसलेल्या आणि मांडीवर हेच कापड, जे आज माझ्या मांडीवर होतं. गिरणी बंद झाली तेव्हा शेवटचा ताका त्यांच्या हाताखालून गेला होता, त्यातलं हे कापड. आपण स्वतः तपासलेलं, ह्यात एकही खोट नाही, असं त्या अभिमानानं सांगायच्या. उजव्या डोळ्यावर त्यांनी तळहात धरला होता.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "ह्यात बी लाट आलीया गं."

मी दारातच उभी राहिले.

"ह्यो तर मी सोता पास केलेला." मग कापडाची घडी घालत, "म्हंजे दुकानदार खरा हुता. उद्या जाऊन सांग त्याला. म्हातारीची चूक झाली म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सांगलीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोन-दोनदा तपासलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्त उतरलं होतं. रेघा वाकड्या दिसायला लागल्या त्या दिवशी आला असतात तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. इंजेक्शनं द्यावी लागतील, जेवढं वाचेल तेवढं वाचवू. मग त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, "आजी, कॅप्सूल चालू आहेत ना? सकाळ-संध्याकाळ?"

वन्सं माझ्या शेजारी बसल्या होत्या. टेबलाखाली त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तो हात त्यांनी दाबला.

"व्हय की. दोनी टायमाला. ही चुकू देती व्हय?"

"छान," डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत. कॅप्सूल घेऊनही काही जणांचा आजार पुढे जातो. कुणाचा दोष नसतो त्यात."

मला बोलायला तेव्हा वेळ होता. त्या लिहीत होत्या, पंखा फिरत होता, भरपूर वेळ होता. मी पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि परत ठेवलं.

वन्संना डोळ्यात थेंब घालायला आत नेलं तेव्हा मी एकटीच डॉक्टरीणबाईंसमोर होते. मी विचारलं, म्हणजे दुसऱ्या कुणाबद्दल विचारल्यासारखं, की ह्या कॅप्सूल मीसुद्धा घेतल्या तर? दिवसभर कॉम्प्युटर असतो. त्या हसल्या. "तुम्हाला कशाला? ह्या औषधानं गेलेली नजर परत येत नाही. आजार मधल्या टप्प्यावर असेल तर त्याचा पुढे सरकायचा वेग काहींच्या बाबतीत कमी होतो, तोही पूर्ण डोस घेतला तर. चांगल्या डोळ्याला त्याचा उपयोग नाही. पालेभाजी खा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. आणि आजींना भाऊ-बहीण आहेत का? पन्नाशी ओलांडली असेल तर त्यांचे डोळे एकदा दाखवा. घरात असतो हा आजार." नंबर तपासला. बदलला होता. नव्या चष्म्यानं आणि अधूनमधून पापण्या मिटायची सवय लावल्यानं माझी चुरचूर गेली. इतकं साधं होतं ते.

पूर्ण डोस मिळाला असता तर वन्संचा डोळा टिकला असता का? तसं कुणीच सांगू शकत नाही. टिकला असता असं म्हणायला आधार नाही आणि नसता टिकला असं म्हणून सुटकाही नाही. माझ्यासारख्या बाईला असल्या अधांतरी गोष्टीची सवय नसते. एक काहीतरी उत्तर लागतं, मग त्याचं काय ते करता येतं.

परतीच्या एसटीत उंब्रज मागे पडल्यावर वन्सं म्हणाल्या, "डाक्टरला कशाला सांगायचं हुतं? घरातली गोष्ट हाय. आन् तू खाल्लीस म्हंजे वाया थोडीच गेली? तुज्या डोळ्यात गेली की."

मी खिडकीतून ऊस बघत राहिले. वायाच गेली वन्सं, हे मला म्हणवलं नाही. त्यांनी आपली खिडकीकडची जागा मला दिली आणि माझ्याकडे आधीच लख्ख उजेड होता, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? दुसऱ्या दिवशी बशीत पुन्हा कॅप्सूल होती. मी बशी त्यांच्याकडे सरकवली आणि ओरडले, "तुमचं तुम्ही खा! मला नको." आवाज फार चढला. त्यांना वाटलं, डॉक्टरांशी खोटं बोलल्या म्हणून मी चिडले. बिचाऱ्यांनी चाचपडत कॅप्सूल उचलून गिळली आणि म्हणाल्या, "बरं बाई. आता न्हाई देत." त्यानंतर दोन्ही वेळच्या कॅप्सूल मी समोर उभी राहून द्यायची. इंजेक्शनांनी थोडं वाचलं. कडेकडेचं दिसायचं, चेहरा दिसायचा नाही. मला त्या पावलांच्या आवाजावरून ओळखायच्या. दुकानदाराला निरोप मात्र मी दिला नाही. वन्संनी दोनदा विचारलं, सांगितलंस का गं? मी म्हटलं, सांगितलं.

त्या गेल्यावर माणसं भेटायला यायची. हे खुर्चीत ताठ बसून प्रत्येकाला एकच सांगायचे. "आक्काची सेवा हिनं केली. पोटच्या पोरीनं केली नसती. एक गोळी चुकू दिली न्हाई." आणि मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यामागे उभी. पाव्हणे माझ्याकडे बघून माना हलवायचे. पहिल्या दिवशी वाटलं, आत्ता काय बोलायचं. तेराव्याला वाटलं, आता कशाला बोलायचं. काल परवा कुणीतरी आलं, तेव्हाही ह्यांनी तेच वाक्य म्हटलं, आणि पाव्हणे गेल्यावर दाराशी ह्यांनी मला हळूच विचारलं, "आपलं काय कमी पडलं न्हाई न्हवं सुनंदा?" मी म्हटलं, नाही. आणि ह्यांचे डोळे दाखवायचंही तसंच राहिलं, कारण तो विषय काढला की सांगलीचा विषय निघाला असता.

म्हणून कात्री थांबली. हा लेख पुरवणीला पाठवायचा तर ह्यांनी तो पेपरात वाचावा हे काही बरं नाही. त्यांना आधी सांगणं भाग होतं.

इथपर्यंत रविवारी लिहिलं. सोमवारी सकाळी मी कॅलेंडर काढलं आणि त्या खिळ्याला वन्संचं कापड दोन चिमटे लावून टांगलं. चहा केला. ह्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. बशीपासून सुरुवात केली आणि एसटीपर्यंत सगळं, मनातल्या हिशेबासकट. ह्यांच्या चहावर साय धरली. मग हे उठून अंगणात गेले, नळ सोडला, झाडांना पाणी घालत राहिले. मी ऑफिसला उशीर होतोय ते बघत होते तरी हलले नाही. बऱ्याच वेळानं आत आले. मी म्हटलं, "उजवा डोळा झाका आणि ह्या कापडाकडे बघा." लष्करातला माणूस, सांगितलं तसं केलं.

"सरळ."

"आता डावा."

"सरळ." हात खाली घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तू."

मी म्हटलं, मला काय झालंय?

"तू बघ म्हंतो न्हवं."

मी चष्मा नीट केला. एक डोळा झाकला, मग दुसरा. कडेला माझ्या कात्रीचा बोटभर काप होता. बाकी सगळ्या रेघा सरळ होत्या, उभ्याही आणि आडव्याही. त्या मला पहिल्यापासून तशाच दिसत होत्या. तसं मी ह्यांना सांगितलं, आणि ह्यांचे डोळे दाखवायची वेळ घ्यायला सांगलीला फोन लावला.